अजगराची शेकशेगडी

चंद्रपूरच्या माणसाला उन्हाशी कसं भांडायचं हे शिकवावं लागत नाही. आईच्या मांडीवर असल्यापासून आम्ही तेच बघत आलो. खिडकीला वाळ्याची ताटी, संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या बादल्या, खाटेवर ओली चादर, बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. ऊब कशी करायची हा प्रश्न आमच्या घराण्यात कोणाला कधी पडलाच नव्हता. तो मला पडला, तोही एका अजगरासाठी. त्याचं उत्तर शोधताना मी जे उद्योग केले ते आठवले की अजून एकटीच हसत सुटते.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी कुरखेड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. पहिलीच नोकरी, गाव नवं, आणि राहायला एका घराच्या मागच्या अंगाची खोली. घरमालकीणबाईंना मी काकू म्हणत असे. खोली देण्याआधी त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग पुन्हा आडनाव विचारलं. मी सरळ सांगून टाकलं की आम्ही बौद्ध, छप्पन सालापासूनचे. त्यांनी जरा वेळ पदराशी चाळा केला आणि खोली दिली. बोलायला गोड होत्या, भाड्याचा तगादा कधी लावला नाही. पण माझ्याकडचा चहा त्यांनी कधी घेतला नाही, माझ्या खोलीचा उंबरठा ओलांडला नाही, आणि मला काही द्यायचं झालं तर हात वर धरून माझ्या हातावर सोडत. मला राग यायचा. राग माझ्या नाकावरच असतो. आई म्हणायची, नोकरी पहिली आहे, जरा दमानं घे. म्हणून मी तो राग शाळेत फळ्यावर काढायची. माझ्या तासाला खडू फार मोडायचे.

दिवाळी सरली, धान कापणी सुरू झाली, आणि एका बाजाराच्या दिवशी हेडमास्तरांनी मला तासावरून बोलावून घेतलं. शाळेच्या कचेरीसमोर एक म्हातारी उभी होती. जंगलातल्या एका लहान गावची. सोबत तिचा थोराड मुलगा, आणि त्याच्या पायाशी झाकण बांधलेली बांबूची टोपली. टोपलीत अजगर होता.

झालं होतं असं की, म्हातारी तिच्या बांधीत धान कापत होती. उभ्या धानाखाली अजगर पडला होता, तो तिला दिसला नाही, आणि तिचा विळा त्याच्या पोटाच्या बाजूला लागला. तिनं विळा तिथेच टाकला, मुलाला हाक मारली, आणि दोघांनी त्याला टोपलीत घालून वनखात्याच्या कचेरीत आणलं. ढोरांच्या डॉक्टरांनी टाके घातले. जखम भरली की त्याला परत सोडायचं ठरलं. तोवर ठेवायचा कुठे, यावर रेंजरसाहेबांना शाळेतलं काचेचं कपाट आठवलं, आणि हेडमास्तरांना विज्ञानाच्या बाई आठवल्या. कपाट शाळेत ठेवलं तर एकही मूल फळ्याकडे बघणार नाही असं त्यांचं म्हणणं पडलं, म्हणून कपाट आणि अजगर दोन्ही बैलगाडीतून माझ्या खोलीवर आले. मला नाही म्हणायला कोणी जागा ठेवली नव्हती. खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं. अजगर कोवळा होता, मनगटाएवढा जाड, अंगावर तपकिरी नक्षी. मला तो फार सुंदर वाटला.

म्हातारीला सगळे आजी म्हणत, मीही म्हणू लागले. कपाट लावून होईपर्यंत ती दारात बसून होती. उठताना तिनं जे सांगितलं, त्यामुळे पुढचा सगळा खटाटोप झाला.

"हा आमच्या बांधीवरचा व्हय. उंदरं खाते, आमचं धान राखते. माह्याच इळ्यानं त्याचं पोट कापलं. आता त्याच्या पोटात काई जाईस्तोवर माह्या पोटात नवं जानार नाई."

नवं म्हणजे नवा तांदूळ. मला वाटलं, एका म्हातारीनं थोडे दिवस जुना तांदूळ खाल्ला तर काय बिघडतं. पण जाताना तिचा मुलगा मागे रेंगाळला आणि त्यानं मला खरी अडचण सांगितली. त्यांच्या घरची रीत अशी की नवा भात आधी घरातल्या सगळ्यांत थोर बाईनं चाखायचा. तिनं चाखल्याशिवाय घरात कोणीच नवं तोंडात घालायचं नाही. म्हणजे ही खाणार नाही तर मुलं, सुना, नातवंडं, कोणीच खाणार नाही. खळ्यावर धानाचे ढीग लागणार आणि घर कोठीच्या तळाशी उरलेल्या कण्यांवर दिवस काढणार. तो हसत हसत सांगत होता, पण वैतागलेलाही होता. मला म्हणाला की बाई, काहीही करा पण ह्याला जेवू घाला.

झालं. एका घराचा नवा भात माझ्या खोलीतल्या कपाटात वेटोळं घालून बसला.

मी शाळेच्या लायब्ररीतलं सापांवरचं एकुलतं एक पुस्तक वाचून काढलं. त्यात होतं की थंडीत अजगराला भूक लागत नाही, खाल्लेलं पचत नाही, त्याला ऊब पाहिजे. ऊब म्हणजे दिवा, असं समजून मी कपाटाच्या वरच्या फळीला साठचा बल्ब टांगला. कुरखेड्यात तेव्हा लाईन यायची ती पाहुण्यासारखी, आली तर आनंद, गेली तर विचारायचं नाही. लाईन असली की कपाटाचं छत तापायचं आणि तळ गार राहायचा. लाईन गेली की दोन्ही गार. अजगर कोपऱ्यात पडून राहायचा. दर बाजाराला आजी यायची, टोपलीत शेतातला उंदीर घेऊन. दारातूनच विचारायची, "खाल्लं का त्यानं?" आम्ही उंदीर आत सोडून बघायचो. अजगर तोंड फिरवायचा. आजी उंदीर पुन्हा टोपलीत घालून निघून जायची. तिनं मला एकदाही बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

हळूहळू सगळ्या कुरखेड्याला तो प्रश्न लागला. किराणा दुकानदार साखर मोजताना विचारायचा, खाल्लं का? पोस्टमन सायकलवरून ओरडून विचारायचा. हेडमास्तर प्रार्थनेनंतर भुवया उडवून विचारायचे. मी मान हलवून थकले.

जखम मात्र भरत आली होती. मग एके दिवशी बघते तर त्याची नक्षी फिकी पडलेली, डोळ्यांवर दुधासारखी साय आलेली, आणि शेपटीकडची कातडी तुकड्यातुकड्यांनी सुटायला लागलेली. पुस्तक पुन्हा उघडलं. कात टाकायच्या वेळी सापाला ओल लागते, हवा कोरडी असली की कात अंगालाच चिकटून बसते, डोळ्यांवरची राहिली तर दिसेनासं होतं, आणि कात उतरेपर्यंत तो खात नाही. म्हणजे माझ्या बल्बनं ऊब तर पुरी दिली नव्हतीच, वर असलेली ओलही पिऊन टाकली होती.

कोरडी हवा! हा शब्द वाचला आणि माझ्या जिवात जीव आला. कोरड्या हवेचं काय करायचं हे मला माहीत होतं. मी शनिवारी शाळा सुटल्यावर मूल गावावरून जाणाऱ्या एस्टीनं चंद्रपूर गाठलं.

माझे बाबा कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि मोहल्ल्यातले निम्मे कूलर त्यांच्या हातचे होते. त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. साप आहे हे ऐकून आई देवळीतल्या बुद्धमूर्तीकडे बघत बसली, पण बाबांचा चेहरा उजळला. हिवाळ्यात त्यांना कोणी काही विचारत नसे. "हवा सुखली आहे ना? मंग वाळा लाव," ते म्हणाले, आणि माळ्यावर चढले. घरच्या कूलरची वाळ्याची ताटी त्यांनी कापून कपाटाच्या मापाची केली. थेंब थेंब पाणी पडायला गाडग्याला छिद्र पाडून त्यात वात ओवून दिली. कपाटाच्या मागच्या फळीला भोक कुठे पाडायचं ते मला जमिनीवर काढून दाखवलं. परतीच्या एस्टीत ती ताटी मी मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, मॅडम, कूलरचा मोसम तर केव्हाच गेला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं तिकीट फाडलं.

कुरखेड्याला सुताराकडून फळी कापून घेतली, ताटी बसवली, गाडगं टांगलं, प्रयोगशाळेतला टेबलफॅन मागे लावला. लाईन त्या दिवशी कधी नव्हे ती टिकून होती. वाळा भिजला, पंखा फिरला, आणि खोलीभर तो वास सुटला. मला घरची आठवण आली. मी स्वतःवर इतकी खूश होते की शाळेच्या वह्या तपासताना गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी पाणी बदलायला कपाटात हात घातला आणि हात तसाच राहिला. आत छान गारवा होता. मे महिन्यात आमच्या बैठकीत असतो तसा. थर्मामीटर बाहेर अंगणात ठेवला, पुन्हा आत ठेवला. पौष महिन्यातलं कुरखेड्याचं अंगण कपाटापेक्षा उबदार होतं. बाबा आणि मी, दोघांनी मिळून, बापलेकीच्या सगळ्या अकलेनिशी, थंडीनं आखडलेल्या अजगराला कूलर बसवून दिला होता.

मी पंख्याचं बटण बंद केलं, ताटी उचकटून काढली, भोकावर फळी परत ठोकली आणि खाटेवर बसून आधी रडले. मग हसू आलं. चंद्रपूरच्या माणसालाच अशी चूक सुचू शकते. आम्हाला ओल म्हटलं की गारवा दिसतो. ओली आणि गरम हवा म्हणजे आमच्याकडे पावसाळ्यातल्या दुपारची शिक्षा, ती कोणी मुद्दाम करील हे मनातच येत नाही. आणि अजगराला नेमकी तीच पाहिजे होती.

त्या सुमारास काकूंची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला मुलगा झाला. मी बाळ बघायला पुढच्या घरात गेले. काकूंनी बाळंतिणीच्या खोलीचं दार अर्धं उघडलं, मी चौकटीशी उभी राहिले, आणि मला काहीच दिसेना. माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती. मी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाफ धरली.

बाळ कसं होतं ते मला सांगता येणार नाही. मी खाटेखाली बघत होते. सुतळीच्या खाटेखाली मातीच्या शेगडीत तूस धुमसत होतं, बाजूला दुसऱ्या चुलीवर पातेल्यात निरगुडीचा पाला रटरटत होता, खाटेभोवती चादर सोडलेली होती, आणि बाळंतीण त्या उबेत घामेजून झोपली होती. ऊब होती, ओल होती, दोन्ही एका जागी. ओव्याच्या धुरीनं माझे डोळे चुरचुरले तरी मी हलले नाही. काकूंनी बारशाची आगाऊ साखर म्हणून चिमूटभर माझ्या हातावर वरून सोडली आणि म्हणाल्या की पोरगं मामावर गेलं आहे. मी म्हटलं, "काकू, मला ही शेगडी कशी लावायची ते शिकवा. अजगरासाठी."

हे मी जरा दम धरून, जरा शब्द फिरवून बोलायला हवं होतं. पण ते जमलं असतं तर मी मी नसते. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"माह्या नातवाची शेकशेगडी अन् तुह्या सापाची एकच का वं?" एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

मग मी एकटीच लागले. कपाट आडवं करून, काच वर येईल असं, माझ्या सुतळीच्या खाटेवर चढवलं. मी स्वतः जमिनीवर अंथरूण घातलं. बाजारातून शेगडी आणली, गिरणीवरून पोतंभर तूस आणलं, घासलेट ओतलं आणि काडी लावली. आधी भडका उडाला, मग तो विझला, आणि मग जो धूर झाला तो माझ्या खोलीत मावेना. तो अंगणातून पुढच्या घरात शिरला. मी खोकत खिडकी उघडत होते तेवढ्यात काकू नाकाला पदर लावून आल्या. दारात थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, कपाटातल्या त्या मुटकुळ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता खोली खाली करायला सांगणार.

"तूस असं नाई पेटवत," काकू म्हणाल्या, आणि उंबरठा ओलांडून आत आल्या.

त्यांनी शेगडी बाहेर नेऊन उलटी केली. तळाला राख पसरली, त्यावर कोरड्या तुसाचा ढीग रचला, दाबला, आणि वर मधोमध आपल्या चुलीतला एकच निखारा ठेवला. घासलेट ओतणाऱ्याला काय म्हणावं ते त्यांनी निखाऱ्याला सांगितलं. ढीग वरून खाली सावकाश जळत गेला. धूर नाही, ज्वाळा नाही, नुसती ऊब. एकदा भरली की शेगडी कितीतरी वेळ बघावी लागत नव्हती, आणि लाईन असो नसो तिला फरक पडत नव्हता. शेगडीवर रुंद तोंडाचं पाण्याचं भांडं आलं. कपाटाच्या तळाला भोकं पाडली होती, त्यातून वाफ वर चढायला लागली. खाटेभोवती पोती सोडली. खिडकी मात्र मी उघडीच ठेवायला लावली, कारण कोंडलेल्या खोलीत विस्तव म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ, आणि त्या खोलीत मीही झोपत होते.

एका गोष्टीवर आमचं भांडण झालं. शेगडी मला एका टोकाला पाहिजे होती. सापाचं अंग स्वतः तापत नाही, त्याला ऊब पाहिजे तेव्हा तो उबेकडे सरकतो, नको तेव्हा लांब जातो, म्हणून अर्धं कपाट गरम आणि अर्धं साधं, असं मी म्हणत होते. काकूंना ते पटेना. बाळंतिणीला कोणी गार कोपरा ठेवत नाही, त्यांचं म्हणणं. मी म्हटलं बाळंतीण उठून बोलू शकते. यावर त्या म्हणाल्या की पहिलटकरणीला कोण बोलू देतं. शेवटी शेगडी माझ्या म्हणण्याप्रमाणे एका टोकाला राहिली, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिच्यावरच्या पाण्यात निरगुडीचा पाला पडला. निरगुडीचा अजगराला काही उपयोग झाला असेल असं मला वाटत नाही, पण खोलीला वास चांगला आला. गरम टोकाला मी एक मडकं आडवं ठेवलं आणि त्यात पळसाची ओली पानं भरली. थोड्या वेळानं अजगर उलगडला, वाट चाचपडत मडक्यापाशी गेला आणि आत शिरला. मी कपाटावर वाकून बघत होते. काचेवर वाफ, चष्म्यावर वाफ. मला नाचावंसं वाटलं.

तेव्हापासून काकूंचा दिवस दोन शेगड्यांत वाटला गेला. मी शाळेत असले की त्या पुढच्या घरातून तूस आणि निखारा घेऊन निघत, नातवाची शेगडी भरत, मग माझ्याकडे येऊन अजगराची भरत. सुरुवातीला परत जाताना हातपाय धूत. मग फक्त हात धुऊ लागल्या, तेही नातवासाठी. मी शाळेतून आले की अंगणातच मला दोघांची खबर मिळे. आज दोघंही शांत झोपले. आज एकानं किरकिर केली, दुसऱ्यानं नाही. गावात बायकांनी त्यांना विचारलं तर त्या मान ताठ करून सांगत की घरात दोन शेकशेगड्या चालल्या आहेत, बसायला वेळ नाही.

एका संध्याकाळी शेगडी भरून झाल्यावर त्या माझ्या चुलीशी टेकल्या. मी चहा करत होते. सवयीनं एकच कप ठेवला होता. त्या म्हणाल्या, "मले नाई का?" मी दुसरा कप काढला. त्यांनी बशीत ओतून फुंकर मारत चहा घेतला, साखर कमी पडली म्हणाल्या. मी साखरेचा डबा पुढे केला. बोलले असते तर काहीतरी तिखट गेलं असतं तोंडातून, आणि मला त्या वेळी तिखट काही बोलायचं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं.

मग कात उतरली. ती मला नाही, काकूंना सापडली. मी वर्गात असताना त्यांनी एका मुलीला धाडलं की बाई, घरी चला, दोन साप झालेत. मी धावत आले. मडक्याच्या तोंडापाशी पांढरट, पारदर्शक कात पडली होती, नाकापासून शेपटीपर्यंत अखंड, डोळ्यांच्या जागच्या दोन बारीक भिंगांसकट. आणि मडक्याबाहेर अजगर, नव्या कातडीचा. तेल लावल्यासारखी झळझळीत नक्षी, डोळे स्वच्छ. जखमेच्या जागी एक बारीक रेघ उरली होती. काकूंनी कात हातात घेऊन उजेडात धरली आणि बाळंतिणीला दाखवायला पुढच्या घरात घेऊन गेल्या. ज्या बाईनं माझ्या हाताला हात लावला नव्हता, तिनं सापाची कात पदरात गुंडाळून नेली. मला हसू आवरेना.

पुढचा बाजार आला. आजी नेहमीसारखी टोपली घेऊन दारात आली आणि नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, आज बघू या. उंदीर आत सोडला, कपाटावर चादर टाकली, आणि आम्ही सगळे अंगणात येऊन बसलो. आजी, तिचा मुलगा, काकू आणि मी. मी चहा केला, सगळ्यांनी घेतला. आजीनं जमिनीवर काडीनं रेघा ओढल्या आणि पुसल्या. काकू मध्येच आत जाऊन बघायला निघाल्या, मी त्यांना पदर धरून बसवलं. आतून एकदा धडपड ऐकू आली, मग काहीच नाही.

चादर उचलली तेव्हा अजगराच्या जबड्यातून फक्त उंदराची शेपटी बाहेर होती. आमच्या डोळ्यांदेखत तीही गेली.

आजी कपाटाजवळ बसली. काचेवर तळवा ठेवला. काच गरम होती. मग ती मुलाकडे वळून म्हणाली, "सुनंले सांग, उद्या नवं कांडा." मुलगा बाजार सोडून तसाच घराकडे सुटला. काकू डोळे पुसत होत्या आणि धूर लागला म्हणत होत्या. शेगडीत तेव्हा धूर अजिबात नव्हता.

आजीचा हुकूम होता, दुसऱ्या दिवशी मी जेवायला यायलाच पाहिजे. रविवार होता. शेगडीकडे मी बघते, अजगर तृप्त आहे, तू जा, असं काकूंनी बजावून मला पाठवलं. आजीचा मुलगा बैलगाडी घेऊन आला होता. जंगलातून, मोहाच्या झाडांखालून आम्ही गेलो. वाटेत त्यानं मला ती बांधी दाखवली जिथे विळा लागला होता. थंडी सरल्यावर वनखात्याच्या माणसांसोबत आम्ही अजगराला तिथेच सोडलं, आणि तो मागे वळून न बघता बांधाच्या बिळात गेला, मला जरा वाईटच वाटलं. पण ते पुढचं.

अंगण सारवलेलं होतं. मुलं, सुना, नातवंडं, सगळे पळसाच्या पत्रावळी मांडून ओळीनं बसले होते. मध्ये नव्या तांदळाचा भात, लाखोरीचं वरण, वालाच्या शेंगांची भाजी. भाताचा वास असा सुटला होता की माझ्याच तोंडाला पाणी आलं, मग कण्या खाऊन दिवस काढलेल्या त्या लोकांचं काय होत असेल. पण कोणी हात लावला नव्हता. आजीनं घराच्या आतल्या कोपऱ्यात, कोठीपाशी, थोडा भात ठेवला आणि हात जोडले. मग बाहेर येऊन एक मूठ भात घेतला. आता ती खाणार आणि सगळे सुटणार, म्हणून मीही तिच्याकडे बघत होते.

ती माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"आमच्यात मोठी आधी खाते. पन त्यानं तुह्या घरी खाल्लं. तं पहिलं तू खा."

मी म्हटलं, आजी, रीत आहे तुमची, तुम्ही आधी. तिनं ऐकलं नाही. तिचा हात माझ्या तोंडाशी आला होता. माझी स्वतःची आजी मला सांगायची, तिच्या गावात कापणीच्या दिवसांत तिला आणि तिच्या आईला सगळ्यांत शेवटी जेवण मिळायचं. दोघींनी पदर पसरायचा आणि भात वरून पडायचा, खालचा हात वरच्या हाताला लागू नये एवढ्या उंचावरून. ती हे हसत सांगायची. मी कधी हसू शकले नव्हते. आणि इथे एका घराचा वर्षाचा पहिला घास, घरातल्या कोणाच्याही आधी, एका म्हातारीच्या बोटांनी माझ्या ओठांना लागत होता.

मी तोंड उघडलं. भात गरम होता, थोडा चिकट, गोड. तो चावता चावता मी रडत होते, सगळ्यांसमोर, शाळेची बाई असून. आजीनं माझ्या हनुवटीला लागलेलं शीत काढून आपल्या तोंडात टाकलं. तिचा नवा भात तो.

ओळीतून तिच्या मुलानं विचारलं, "माय, आता खाऊ का आम्ही?"